बऱ्हाणपूरची वाट आणि रोमिंगचा आकार

फारुकी सुलतानांच्या अमदानीत ज्या बऱ्हाणपुरातून साऱ्या खानदेशाचा कारभार चालत असे, आणि १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडल्यावरही जे सुभ्याचे ठाणे म्हणून नांदले, ते शहर पुढे इंग्रजी अमलात मध्यप्रांताच्या निमाड जिल्ह्यात गेले व उरलेला खानदेश मुंबई इलाख्यात राहिला. परंतु दफ्तरात ओढलेली ही रेघ अलीकडच्या, खानदेशातल्या वरणगावच्या माणसाने फारशी मनावर घेतली नाही. केळीचा सौदा, कापडाची खरेदी, सोयरिक, इच्छापूरच्या देवीचा नवस, अशा नाना निमित्तांनी मुक्ताईनगरवरून जाणारी वाट तो तुडवीतच राहिला. त्याच्याकडून या सरहद्दीचे दाम रोज व मिनिटागणिक वसूल केले ते मोबाईल फोनने.

टपालाने असा भेद कधी केला नव्हता. १८७९ साली पाव आण्यात निघालेले पोस्टकार्ड भुसावळला जावो की मद्रासेला, त्याचा दर एकच. एस.टी.डी.चा आकार मात्र अंतरावर व घटकेवर बेतलेला असे. १९६४ साली वरणगावास दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला, आणि त्यानिमित्त परप्रांतांतून येथे येऊन राहिलेल्या कुटुंबांना रात्री अकरानंतरचा चतुर्थांश दर हाच गावी बोलण्याचा परवडणारा मार्ग होता. मीटरचे तांबडे आकडे सरकू लागले की नमस्कारचमत्कार आवरते घेऊन माणसे मुद्द्यावर येत.

१९९५ च्या सुमारास मोबाईलचे परवाने देताना सरकारने देशाचे ‘सर्कल’ पाडले. महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये गोवा आला, मध्य प्रदेशच्या सर्कलमध्ये पुढे छत्तीसगडही राहिले. परिणामी वरणगावच्या ग्राहकाला शेकडो मैलांवरचे कोल्हापूर व पणजी घरचे, आणि तासादीड तासाच्या वाटेवरचे बऱ्हाणपूर परमुलुख ठरले. २००३ पासून घरच्या सर्कलात येणारा फोन निःशुल्क झाला असला, तरी सरहद्द ओलांडताच तोच फोन घेण्याचेही पैसे कापले जात.

या आकारावर लोकांनी काढलेले तोडगे मोठे मासलेवाईक होते. बऱ्हाणपूरच्या नित्य फेऱ्या करणारा व्यापारी तिकडचे सिम पाकिटाच्या आतल्या कप्प्यात बाळगी. सरहद्दीजवळ आला की फोनचे मागले झाकण उघडून, बॅटरी काढून, नखाने एक सिम सरकवून दुसरे बसवी. अंतुर्लीच्या पुढे पलीकडचा टॉवर फोन पकडून नेऊ नये म्हणून जाणकार मंडळी नेटवर्क ‘मॅन्युअल’वर टाकीत. सर्वांत स्वस्त तोडगा मिस कॉलचा: एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन म्हणजे घ्यायला या, असा संकेत निघण्यापूर्वीच ठरलेला असे. पुढे दोन सिमांचे फोन आले आणि झाकण उघडण्याचा खटाटोप संपला.

मूळ आकार मात्र या युक्त्यांनी हलला नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने रोमिंगमधील येणाऱ्या फोनचा कमाल दर २०१३ साली मिनिटास पावणेदोन रुपयांवरून ७५ पैशांवर व २०१५ साली ४५ पैशांवर आणला. त्याच वर्षीच्या १५ जूनपासून बीएसएनएलने तो माफच केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ रोमिंगचा आकार न घेताच बाजारात उतरली, तेव्हा १ एप्रिल २०१७ पासून एअरटेल व आयडियाही त्याच वाटेने गेल्या. ज्या आकारासाठी अंतराचे वा खर्चाचे कारण पुढे केले जात असे, तो स्पर्धा उभी राहताच काही महिन्यांत विरावा, यावरून त्याचे मूळ परवान्यांच्या वाटणीत होते, हे उघड आहे. देशाबाहेरच्या रोमिंगला असा दिवस अजून यायचा आहे. तोवर दुबईला वा अमेरिकेला मुलाबाळांकडे निघणाऱ्याने घर सोडण्यापूर्वीच तिकडच्या पॅकचा दर व मुदत वाचावी, फोनमधील डेटा रोमिंग बंद करावे, आणि मुक्काम लांबणार असेल तर सरळ तिथलेच सिम घ्यावे.