चाई आणि टक्कल : मध्यमवयीन केशहानीच्या विचाराचा इतिहास

मराठीत केस जाण्याला दोन वेगळे शब्द आहेत. डोक्यावर, दाढीत किंवा भुवईत एखाद्या ठिकाणचे केस अकस्मात जाऊन रुपयाएवढी गुळगुळीत जागा उघडी पडली, तर चाई पडली असे म्हणतात. वयाबरोबर कपाळ वर सरकत गेले आणि माथा उघडा झाला, तर टक्कल पडले असे म्हणतात. हा भेद केवळ बोलीचा नाही. अकस्मात जाणारे केस आणि क्रमाने जाणारे केस ही दोन वेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि त्यांचा शेवटही वेगळा आहे, हे ज्ञान त्यात साठलेले आहे. जुन्या वैद्यकाने हा भेद ओळखला होता, तेलाच्या बाजारपेठेने तो पुसला आणि विसाव्या शतकातील त्वचारोगशास्त्राने तो पुन्हा मांडला. चाळिशी-पन्नाशीतील ज्या माणसांचे, विशेषतः ज्या स्त्रियांचे, केस विरळ होत जातात, त्यांना या विस्मृतीची किंमत मोजावी लागली आहे.

केसांची चिंता वाङ्मयाइतकीच जुनी आहे. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील अपाला इंद्राकडे तीन ठिकाणी उगवण मागते; त्यांपैकी एक ठिकाण म्हणजे तिच्या पित्याचे केस गेलेले मस्तक. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात केस दृढ व्हावेत, नवे उगवावेत म्हणून जमिनीतून खणून काढलेल्या नितत्नी नावाच्या वनस्पतीला आवाहन आहे. मात्र या प्रार्थनांत कारणाचा विचार नाही. तो संहिताग्रंथांत येतो. सुश्रुताने निदानस्थानात क्षुद्ररोगांमध्ये इंद्रलुप्ताची गणना केली आहे. रोमकूपात शिरलेले पित्त वाताच्या साहाय्याने केस पाडते आणि मग रक्तासह कफ तो रोमकूप बुजवून टाकतो, त्यामुळे नवा केस उगवत नाही, अशी ती उपपत्ती आहे. केस पडणे आणि नवा न उगवणे या दोन घटना येथे वेगळ्या मानल्या आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. वाग्भटाने अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात आणखी एक पाऊल पुढे टाकले. इंद्रलुप्तात केस एकाएकी जातात, खलतीत ते क्रमाक्रमाने जातात, असा स्पष्ट विवेक त्याने केला आणि तिन्ही दोष मिळून झालेली खलती असाध्य ठरवली. रुग्णाला काय मिळणार नाही हेही सांगणारा हा वैद्य पुढच्या काळातील कित्येक विक्रेत्यांपेक्षा प्रामाणिक म्हणावा लागेल.

चिकित्साही त्या भेदाला धरून होती. इंद्रलुप्तात त्वचेला टोचे मारून रक्त काढणे, गुंजेचा किंवा भिलाव्याचा लेप देणे, हस्तिदंताची मषी लावणे असे तीव्र उपाय सांगितले आहेत. खलतीत नस्य, शिरोभ्यंग आणि माक्यासारख्या वनस्पतींनी सिद्ध केलेली तेले. आजही चाईवर त्वचेला मुद्दाम दाह घडवणारी द्रव्ये वापरली जातात. परंतु एवढ्या साम्यावरून प्राचीनांना आधुनिक प्रतिकारशास्त्र ठाऊक होते, असा निष्कर्ष काढणे हा अतिउत्साह होईल. त्यांना निरीक्षण ठाऊक होते, आणि ते पुरेसे मोठे होते.

या परंपरेतील एक मत मात्र फार काळ नडले. माधवनिदानावरील मधुकोश टीकेत विदेहाच्या नावावर असे मत उद्धृत झाले आहे की, स्त्रियांचे शरीर सुकुमार असते आणि मासिक स्रावाने त्यांच्या रक्ताची शुद्धी होत राहते, म्हणून त्यांना खलती होत नाही. ग्रीक परंपरेत ॲरिस्टॉटलनेही स्त्रिया आणि षंढ यांना टक्कल पडत नाही अशी नोंद केली होती. षंढांविषयीचे निरीक्षण पुढे खरे ठरले. स्त्रियांविषयीचे अर्धेच खरे होते. स्त्रीचे कपाळ पुरुषासारखे वर सरकत नाही, हे बहुधा खरे आहे. तिचा भांग रुंदावतो आणि माथ्यावरचे केस विरळ होत जातात. पुरुषी टकलाचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून पाहणाऱ्याला ते दिसत नाही. शिवाय मासिक स्रावाचीच कारणमीमांसा धरली, तर तो थांबल्यानंतरच्या वयाचे काय, हा प्रश्न त्या मताच्या पोटातच होता.

एकोणिसाव्या शतकात हे ज्ञान मराठीत आले. गणेश कृष्ण गर्दे यांच्या 'सार्थ वाग्भटा'मुळे संस्कृत न येणाऱ्या वैद्यालाही खलतीचे प्रकरण वाचता येऊ लागले. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'आर्यभिषक्' चालवले आणि १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेदाचे संमेलन भरवून वैद्यांना एकत्र आणले. तथापि याच काळात समाजात दुसरी एक घडामोड चालू होती, आणि केशहानीच्या इतिहासात तिचे स्थान ग्रंथांइतकेच मोठे आहे. ती म्हणजे डोके उघडे पडणे.

शेंडी आणि घेरा राखून बाकीचे डोके भादरण्याची रीत आणि त्यावर पगडी, पागोटे किंवा फेटा असेपर्यंत पुरुषाचे टक्कल हे व्यंग म्हणून फारसे दिसतच नव्हते. भर्तृहरीच्या नीतिशतकातील खल्वाट उन्हाने पोळून झाडाखाली जातो आणि डोक्यावर फळ आपटून घेतो. वामनपंडितांनी हे शतक मराठी पद्यात आणले. तेथे टक्कल दैवगतीच्या दृष्टांताचे निमित्त आहे, कुरूपतेचे नव्हे. पगडी गेली, टोपी आली, मग टोपीही गेली. केस राखून भांग पाडण्याची चाल रूढ झाली आणि विरळ माथा आरशात दिसू लागला. रोग जुनाच होता. तो पाहणारी नजर नवी होती.

स्त्रियांच्या बाबतीत नजर आधीपासूनच कठोर होती. उच्चवर्णीय विधवेचे केशवपन ही केस नसण्याला दिलेली भयंकर सामाजिक अर्थवत्ता होती. आगरकरांनी तिच्यावर लेखणी चालवली आणि १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी विधवांचे वपन करण्यास नकार दिला. ज्या समाजात केस नसलेले स्त्रीचे डोके वैधव्याची खूण होती, तेथे सवाष्णीचे केस विरळ होणे ही केवळ सौंदर्याची बाब राहणे शक्य नव्हते. ते झाकले जाई. गंगावन हा शब्द मराठी घरांत त्यासाठीच होता: उसना केसांचा झुबका आपल्या वेणीत गुंफून अंबाडा भरदार करायचा आणि त्याविषयी बोलायचे नाही. वैद्यापर्यंत ही तक्रार कितपत पोहोचत असेल, याची कल्पना यावरून करता येते.

उघड्या पडलेल्या माथ्याने आणि झाकलेल्या अंबाड्याने तेलाला बाजार मिळवून दिला. बंगालमध्ये हेमेंद्रमोहन बोस यांचे 'कुंतलीन' आणि सी. के. सेन यांचे 'जबाकुसुम' नावारूपाला आले होते. महाराष्ट्रात पुढे 'रामतीर्थ ब्राह्मी तेल' घरोघरी पोहोचले. घरगुती परंपरा निराळी होती: खोबरेल तेलात माका, जास्वंद, आवळा किंवा वडाच्या पारंब्या उकळून गाळून ठेवायच्या. खोबरेल केसाच्या काडीत मुरते आणि धुताना होणारी झीज कमी करते, एवढे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. मात्र काडी वेगळी आणि मूळ वेगळे. जाहिरातीच्या भाषेत हा फरक टिकणे शक्य नव्हते. तेथे गळणे, पिकणे, तुटणे, चाई आणि टक्कल या साऱ्यांसाठी एकच बाटली होती. कायद्याने याची दखल घेतली आहे. १९४५ च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची 'जे'मध्ये, जे विकार बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, त्यांच्या यादीत टकलाचा आणि नवे केस उगवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ही यादी किती जणांनी वाचली असेल, हा प्रश्न वेगळा.

कारणाचा उलगडा विसाव्या शतकात झाला. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवून दिले की, तारुण्यापूर्वी वृषण काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही; त्यांना टेस्टोस्टेरोन दिले तर पडू शकते, पण ज्यांच्या घराण्यात टक्कल आहे त्यांनाच. आनुवंशिकता, संप्रेरक आणि वय या तिघांची सांगड घातल्याखेरीज टक्कल समजत नाही, हे त्यातून निश्चित झाले. १९७४ साली डॉमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांच्या अभ्यासातून टेस्टोस्टेरोनचे डायहायड्रोटेस्टोस्टेरोनमध्ये रूपांतर करणाऱ्या विकराचे महत्त्व पुढे आले. या संप्रेरकाला संवेदनशील असलेला रोमकूप प्रत्येक आवर्तनात थोडा लहान होतो. जाड केसाच्या जागी बारीक, मग लवेसारखा केस येतो. म्हणजे क्रमाने होणाऱ्या हानीत केस गळण्यापेक्षा केस बारीक होणे महत्त्वाचे. स्त्रियांतील नमुना लुडविग यांनी १९७७ साली स्वतंत्रपणे वर्णन केला; विदेहाच्या मताला उत्तर मिळायला इतका काळ लागला.

अकस्मात गळतीचे गणित निराळे आहे. डोक्यावरचे सुमारे एक लाख केस एकाच वेळी एका अवस्थेत नसतात. बहुतेक दोन ते सहा वर्षे वाढत असतात, थोडे तीन महिने विश्रांती घेऊन गळतात. रोज पन्नास ते शंभर केस जाणे स्वाभाविक आहे. तीव्र ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार किंवा मोठा मानसिक आघात झाला की पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ गळतात. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९६१ साली या प्रकाराला नाव दिले. कारण दूर झाले की हे केस बहुधा परत येतात. कोविडच्या साथीनंतर अनेक घरांनी हे अनुभवले.

या ज्ञानाच्या उजेडात स्थलांतरितांची एक जुनी तक्रार पाहता येते. छत्तीसगडचा मराठीशी संबंध भोसल्यांच्या काळापासूनचा; १९५६ पर्यंत तो प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. सोव्हिएत सहकार्याने भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून, विदर्भातूनही, माणसे तेथे आली. नव्या गावी गेल्यावर केस गळू लागले की 'पाणी बदलले' असे मराठी माणूस म्हणतो. कारखान्यात नोकरी असेल तर दोष हेल्मेटकडेही जातो. जड पाण्याने केस राठ होतात, तुटतातही. पण मूळ मरत नाही. हेल्मेटने सतत घासणाऱ्या जागेचे केस तुटतील, माथ्याचे संप्रेरक बदलणार नाही. स्थलांतराच्या दगदगीनंतरची गळती मात्र खरी असू शकते आणि ती आपोआप थांबते. तोवर ज्या तेलाची बाटली हाती असेल, तिला यश मिळते. तीच वर्षे माणसाच्या चाळिशीचीही असतील, तर क्रमाने चाललेली हानी या तात्पुरत्या गळतीच्या आड लपते.

पाण्याविषयीचा हा संशय किती दूर नेऊ शकतो, हे बुलढाणा जिल्ह्यात दिसले. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत डोक्याला खाज सुटून काही दिवसांतच लोकांचे केस हातात येऊ लागले; मुलांपासून वृद्धांपर्यंत. हा खारपाणपट्टा असल्याने संशय प्रथम पाण्यावर गेला, बुरशीची चर्चा झाली, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके आली. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी, केस आणि धान्य तपासून रेशनच्या गव्हातील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखवले. त्यांनी १८ गावांतील २७९ बाधितांची नोंद केली. लोकांनी मुंडन केले, मुलांनी महाविद्यालयात जाणे टाळले, सोयरिकी अडल्या. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले. कोणत्याही तेलाने जे झाले नसते, ते कारण शोधल्याने झाले. आणि कारण शोधता आले, कारण ही हानी वयाची नाही, अकस्मात आहे, हे कुणीतरी ठामपणे म्हटले.

क्रमाने होणाऱ्या हानीत असा सुखान्त नसतो. वाग्भटाचा असाध्यतेचा इशारा तेथे पूर्णपणे जुना झालेला नाही. तरीही उपाय आहेत. रक्तदाबावरच्या गोळीने अंगावर केस वाढतात, या दुष्परिणामातून मिनॉक्सिडिल डोक्याला लावण्याचे औषध झाले आणि १९८८ साली अमेरिकेत मान्य झाले. प्रोस्टेटसाठी आलेले फिनास्टराइड १९९७ साली पुरुषांच्या टकलासाठी मान्य झाले. काहींना त्याचा लैंगिक त्रास होतो आणि गर्भवतीने त्याच्या फुटलेल्या गोळीला स्पर्शही करू नये. मिनॉक्सिडिलने पहिले काही आठवडे केस अधिक गळू शकतात, परिणाम दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि औषध थांबवले की मिळालेले काही महिन्यांत जाते. प्रत्यारोपण म्हणजे मागचे केस पुढे लावणे. नवे केस निर्माण करणे नव्हे. जो रोमकूप पुरता नष्ट झाला आहे, त्यावर कशाचाच इलाज चालत नाही. म्हणून लवकर येणे महत्त्वाचे.

आणि येथेच स्त्रिया मागे राहतात. रजोनिवृत्तीच्या सुमारास भांग रुंदावला की घरात 'वय झाले' असे म्हटले जाते. रक्तातील लोह आणि थायरॉइड यांची तपासणी साधी आहे. त्यांतील दोष मिळाला तर तो सुधारता येतो, न मिळाला तर मिनॉक्सिडिल स्त्रियांनाही चालते. त्याऐवजी बायोटिनच्या गोळ्या खाल्ल्या जातात; कमतरता नसताना त्यांचा उपयोग सिद्ध नाही आणि त्यांच्यामुळे थायरॉइडचा अहवालच चुकू शकतो. भिलाईच्या कडेचे जुनवानी हे एके काळचे खेडे. आज तेथे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वैद्यकीय संस्था आहे, आणि भिलाईच्या सेक्टर ९ मध्ये पोलाद कारखान्याचे जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. रक्ताच्या त्या दोन तपासण्यांसाठी आता तेथून कुणाला नागपूरची गाडी धरावी लागत नाही. भांगाचे एक छायाचित्र आज आणि एक सहा महिन्यांनी, त्याच उजेडात, काढले की हानी अकस्मात आहे की क्रमाने, हे कोणत्याही बाटलीपेक्षा स्पष्ट दिसते.