उन्हाचं दप्तर

नगरमधल्या जुन्या वाड्यांचे कागद सापडतात. त्यांतल्या सामानाचे क्वचितच. कपाट कोणत्या खोलीत होतं, कोणत्या भिंतीला होतं, हे कोण लिहून ठेवणार? ते काम उन्हानं केलेलं असतं.

लाकडाच्या पेशी सांधणारं लिग्निन हे द्रव्य उन्हातली अतिनील किरणं शोषतं. त्यातून हवेतल्या प्राणवायूच्या साथीनं पिवळट-तपकिरी द्रव्यं तयार होतात, म्हणून फिकं लाकूड बहुधा गडद होत जातं. सागाची तऱ्हा निराळी. नुकताच रंधा मारलेला साग हिरवट आणि पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. काही आठवडे उजेडात राहिला की सगळा मिळून सोनेरी तपकिरी होतो. शिसवाचं थेट उलट. त्याला जांभळट काळेपणा देणारी द्रव्यंच उजेडात मोडतात आणि लाकूड भुरकट होत जातं. पॉलिशनं हे थांबत नाही, कारण चपड्याचा थर पारदर्शक असतो. खिडकीची काचही काही किरणं अडवते, सगळी नाही.

आता नगरचा इतिहास. वाडा तोंड करी आतल्या चौकाकडे. बैठक, लोड, पाट, चौरंग, भिंतीतली फडताळं. उन्हात उभं राहील असं सामान थोडंच. १८०३च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीनं किल्ला घेतला, नंतर छावणी वसली आणि १८३१मध्ये अमेरिकन मराठी मिशन आलं. बाहेर उघडणाऱ्या मोठ्या खिडक्यांचे बंगले उभे राहिले, त्यांत टेबलं, खुर्च्या, कपाटं आली. पुढे मिशनच्या पेटिट औद्योगिक शाळेत सुतारकामही शिकवलं जाऊ लागलं. माझ्या मते, उन्हाचं हे दप्तर नगरात खऱ्या अर्थानं उघडलं ते या खिडक्यांमुळे.

ते वाचायला थोडी भूमिती लागते. नगर १९ अंश उत्तर अक्षांशावर. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सूर्य सुमारे साडेसत्तेचाळीस अंश उंच असतो. दक्षिणेच्या खिडकीचा माथा जमिनीपासून सात फुटांवर असेल, तर ऊन जमिनीवर साधारण साडेसहा फूट आत येतं. जूनमध्ये त्याच वेळी सूर्य किंचित उत्तरेला कललेला, म्हणजे त्या खिडकीतून ऊन नाहीच. कपाटाची एकच बाजू, तीही खालूनच विटलेली असेल, तर ते खिडकीपासून किती अंतरावर उभं होतं याचा अदमास बांधता येतो.

अठराव्या शतकातल्या पॅरिसच्या जडावकामाचे मूळ हिरवे-निळे रंग आज वरून तपकिरी दिसतात. जाणकार ते शोधतात लाकडाच्या उजेड न लागलेल्या बाजूला. आपल्याकडेही खण ओढून पाहावा, बिजागरीची पट्टी काढून पाहावी. पण वाडा पडला की सामान जुन्या बाजारात जातं आणि तिथे पहिला हात फिरतो तो पॉलिशपेपरचा.

अशाच एका बाजारात शिसवी लिहिण्याचं टेबल पाहिलं. वरची फळी भुरी, तिच्यावर दोन गडद ठसे. मधला लांबट चौकोन, बहुधा लिहायच्या पॅडचा. डावीकडचा गोल, दिव्याच्या बैठकीएवढा. दिवा डावीकडे, म्हणजे लिहिणारा उजव्या हाताचा असावा. आपल्याच हाताची सावली कागदावर कोण पाडून घेईल? मापं घ्यायला पुढच्या आठवड्यात टेप घेऊन गेलो. फळी एकसारखी काळी चकचकीत झाली होती आणि भाव दुप्पट.