कन्सोलमधील फेरफार आणि आवृत्तीनिवड

गेमिंग कन्सोलवर उत्पादक कंपनीची मान्यता नसलेले प्रोग्रॅम चालवता यावेत म्हणून त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करतात. त्या वेळी सर्वांत नवी आवृत्ती टाळून बऱ्याच जणांनी वापरून पारखलेली आवृत्ती घेण्याचा प्रघात आहे. बोलण्यात या बदलाला ‘जेलब्रेक’ म्हणतात. इथे दोन गोष्टींची निवड करायची असते: यंत्राचे स्वतःचे फर्मवेअर आणि त्यावर चढवायची साधने. साधन आवडले नाही तर काढून दुसरे टाकता येते. फर्मवेअर मात्र एकदा वर गेले की बहुतेक यंत्रांत खाली येत नाही, म्हणून खरी सावधगिरी तिथेच लागते.

फर्मवेअरमधली एखादी सुरक्षा-त्रुटी सापडली की फेरफाराचा रस्ता उघडतो आणि कंपनीच्या पुढच्या अपडेटमध्ये तो बुजवला जातो. अपडेटमध्ये कधी कधी असलेली सोयही जाते: प्लेस्टेशन ३ वर लिनक्स चालवण्याची ‘अदर ओएस’ सोय सोनीने १ एप्रिल २०१० रोजी ३.२१ या आवृत्तीत काढून घेतली. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या हॅकर संमेलनात ‘फेलओव्हरफ्लो’ गटाने याच यंत्राच्या स्वाक्षरी-पद्धतीतली चूक दाखवली, आणि ३.५५ वर थांबलेल्या यंत्रांचे नशीब उघडले. पुढच्या अपडेटचा संदेश ज्यांनी टाळला, त्यांच्यासाठी हा मार्ग खुला राहिला. माघारीचा मार्ग काही कंपन्या हार्डवेअरमध्येच बंद करतात. एक्सबॉक्स ३६० आणि निन्टेन्डो स्विच यांच्या प्रोसेसरमध्ये सूक्ष्म फ्यूज असतात. ठरावीक अपडेटबरोबर ते जळतात आणि जुने फर्मवेअर सुरू होणे नाकारते.

जुनी म्हणजे पारखलेली, असे समीकरण मात्र चुकीचे आहे. प्लेस्टेशन ४ ची ५.०५ ही आवृत्ती २०१८ मध्ये उघडली. पुढे २०२० मध्ये ६.७२ साठीही मार्ग निघाला, पण तो बेभरवशाचा होता: यंत्र अधूनमधून गोठायचे, पुन्हा सुरू करावे लागायचे. त्यामुळे ५.०५ वाले जागचे हलले नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये ९.०० साठीची पद्धत आली. तिला पेनड्राइव्ह लागत असे, पण ती पुष्कळ स्थिर होती आणि नंतरचे बरेच गेम तिच्यावर चालत, तेव्हा अनेकांनी जागा सोडली. पारख होते ती अशी, वापरातून. आकड्यावरून ती कळत नाही.

सर्वांत बोलके उदाहरण प्लेस्टेशन व्हिटाचे. २०१६ मध्ये ३.६० आवृत्तीसाठी ‘हेन्काकु’ निघाले. पुढे ३.७३ पर्यंतच्या आवृत्त्याही उघडता येऊ लागल्या, तरी जाणकार ‘मोदोरू’ हे साधन वापरून मुद्दाम ३.६० किंवा ३.६५ वर उतरत. कारण ‘एन्सो’ हा यंत्र बंद-चालू केल्यावरही टिकणारा बदल त्या दोनच आवृत्त्यांवर बसतो. वरच्या आवृत्तीवर दर वेळी नव्याने जेलब्रेक करावा लागे.

साधनांच्या बाबतीत हिशेब सौम्य असतो. प्लेस्टेशन २ चे गेम हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह किंवा नेटवर्कवरून चालवणाऱ्या ‘ओपन पीएस२ लोडर’च्या दोन-तीन आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवणारे लोक आहेत, कारण एखादा गेम ०.९.३ वर नीट चालतो आणि नव्या आवृत्तीवर अडतो. भारतात हा कन्सोल पुष्कळ काळ खपला. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ (२००९) हा हैदराबादेत बनलेला गेम याच यंत्रासाठी होता. अशा जुन्या यंत्रांसाठी नव्या साधनाचा आग्रह धरण्यात फारसा अर्थ नाही.

नियमाला अपवादही आहे. स्विचमधील २०१८ सालची ‘फ्यूजे झेले’ त्रुटी प्रोसेसरच्या न बदलणाऱ्या स्मृतीत होती, म्हणून सुरुवातीच्या यंत्रांत कुठल्याही फर्मवेअरवर ती चालते. तिथे ‘अ‍ॅटमॉस्फियर’ या फेरफाराच्या साधनाची जुनी प्रत धरून बसणे उलट त्रासाचे ठरते: निन्टेन्डोचे फर्मवेअर वर गेले की जुनी प्रत त्यावर सुरूच होत नाही. शहाणपण एवढेच, की ‘अ‍ॅटमॉस्फियर’ची नवी आवृत्ती येईपर्यंत फर्मवेअरला हात लावू नये.

अपडेटमध्ये यंत्र निकामी होण्याला ‘ब्रिक होणे’ म्हणतात, आणि दर वेळी दोष फेरफार करणाऱ्याचा नसतो. सप्टेंबर २००९ मध्ये निन्टेन्डोच्या विई कन्सोलचे ४.२ हे अधिकृत अपडेट आरंभिक प्रोग्रॅम नव्याने लिहीत असे. त्यात कसलाही फेरफार न झालेली काही यंत्रेही बंद पडली. लिहिणे चालू असताना वीज गेली तरी तोच धोका. भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टरची जोडणी तपासल्याशिवाय फर्मवेअर लिहायला बसणे म्हणजे यंत्र पणाला लावणे.

भारतीय कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आले. हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक तांत्रिक उपाय मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. कायद्याच्या शब्दांत हेतूला महत्त्व आहे, त्यामुळे स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम चालवणे आणि चोरीचे गेम चालवणे यांचे वजन सारखे नाही. कंपनीची वॉरंटी मात्र हेतू विचारत नाही, आणि ऑनलाइन सेवेतून कायमची बंदीही येऊ शकते.