चार आकड्यांची सही

१/४ पूर्वी बँकेतील कारकून सही ताडून खातेदाराची ओळख पटवून घेई. आज नवे कार्ड सुरू करताना आपण पिन ठरवतो, तोच आपली सही ठरतो.

२/४ स्कॉटिश अभियंते जेम्स गुडफेलो यांनी १९६६ मध्ये सांकेतिक कार्ड व गुप्त अंक यांच्या जोडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोबदला मिळाला अवघा १० पौंड.

३/४ शिलाँगला जन्मलेल्या जॉन शेफर्ड-बॅरन यांचे रोकड यंत्र २७ जून १९६७ रोजी उत्तर लंडनमधील एनफिल्डला सुरू झाले. त्यांना सहा आकडे हवे होते; पत्नीच्या लक्षात चारच राहत, म्हणून चार ठरले, असे ते सांगत.

४/४ कारकुनाला संशय येई. यंत्राला येत नाही. म्हणून पिन सांगणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून देणे.