हिरव्या पाण्यावरचे इलाज

1850 मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एका काचपात्राची हकीकत मांडली. त्यात वाळू, चिखल, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि दोन लहान गोल्डफिश होते. पुढे वनस्पतीची पाने कुजू लागली, पाणी गढुळले, हिरवा थर चढला. वॉरिंग्टनने त्यात तळ्यातल्या गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ फस्त केले आणि पाणी नितळ झाले. बेडूक-चतुरांसाठी इंग्लंडच्या परसांत आज जी छोटी तळी खोदली जातात, त्यांचा इतिहास मी या पात्रापासून सुरू करेन. हिरव्या पाण्याचा खरा इलाज, म्हणजे शेवाळाचे अन्न तोडणे आणि ते खाणारे जीव सांभाळणे, तिथे हाती आला होता. पुढे मात्र लक्ष गेले ते शेवाळ मारण्याकडे.

1904 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या जॉर्ज मूर आणि कार्ल केलरमन यांनी जलाशयांसाठी मोरचुदाची पद्धत प्रसिद्ध केली. मोरचूद पोत्यात भरायचा आणि होडीमागून पाण्यात ओढत न्यायचा, एवढे ते सोपे होते. शहराचे पिण्याचे पाणी दुर्गंधीने वाया जात असताना हा उपाय करणाऱ्यांना दोष देता येणार नाही. पण परसातल्या तळ्यात त्याचे गणित उलटते. मोरचुदातले तांबे गोगलगायींना आणि डॅफ्निया या सूक्ष्म पाणपिसवांनाही मारते, म्हणजे शेवाळ खाणारेच आधी संपतात. मेलेले शेवाळ तळाशी कुजून प्राणवायू खाते आणि त्यातले फॉस्फरस पुन्हा पाण्यात उतरते. पुढच्या हिरव्या लाटेची शिदोरी अशी तळ्यातच राहते. नंतर इंग्लंडमध्ये बार्लीच्या काडाचे दिवस आले. चेस्टरफील्ड कालव्यावरचे प्रयोग 1990 मध्ये प्रसिद्ध झाले आणि काडाच्या जुड्या घरोघरच्या तळ्यांत पोचल्या. काड सावकाश कुजताना नव्या शेवाळाची वाढ रोखते, पण असलेले शेवाळ हटवत नाही, आणि गुण सगळीकडे सारखा येत नाही. मोरचुदापेक्षा ते निश्चितच सौम्य आहे. तरी मुळाला हात तेही घालत नाही.

ते मूळ 1973 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओत डोळ्यांना दिसले. डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने एका सरोवराच्या मधोमध पडदा लावून दोन भाग केले. कार्बन आणि नायट्रोजन दोन्हीकडे घातले, फॉस्फरस फक्त एकीकडे. तोच भाग हिरवागार झाला. त्याआधीच चेकोस्लोव्हाकियात हर्बाचेक यांनी दाखवले होते की मासे वाढले की मोठे पाणपिसू घटतात आणि शेवाळाला रान मोकळे मिळते.

सरोवराचा न्याय हौदाएवढ्या तळ्याला कसा लावायचा, ही शंका रास्त आहे. पण पाणी जितके थोडे, तितकी मूठभर खताची किंवा कुजक्या पानांची मात्रा जबर पडते. आणि वॉरिंग्टनचे पात्र तर तळ्याहूनही लहान होते. त्याच्या पात्रात मासे होतेच की, असेही कोणी म्हणेल. होते, पण दोनच, आणि तेही वनस्पतींच्या मापात. वन्यजीवांसाठीच्या तळ्यात तेवढेही न सोडणे मला अधिक पटते. धीर कुठवर धरायचा, हा आक्षेप मात्र खरा जड आहे. नवे तळे पहिल्या वसंतात बहुधा हिरवे होतेच. पाणवनस्पती आणि पाणपिसू स्थिरावले की पुष्कळदा आपोआप निवळते. त्या काळात लोक हिरवे पाणी उपसून नळाचे भरतात आणि तिथेच घात होतो. जुन्या नळांतले शिसे पाण्यात उतरू नये म्हणून ब्रिटनमध्ये बऱ्याच ठिकाणी नळाच्या पाण्यात फॉस्फेट मिसळतात. म्हणून भर घालायची ती छपरावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्याची. शरदात वाढलेल्या वनस्पतींचा काही भाग काढून काठावर निथळू द्यायचा, म्हणजे त्यातले जीव पाण्यात परततात, आणि मग तो तळ्यापासून दूर न्यायचा, म्हणजे वनस्पतींनी शोषलेले फॉस्फरस त्यांच्याबरोबर बाहेर जाते.