तुणतुणे आणि भोंगा

व्याख्यानाला आरंभ होण्यापूर्वी माईकवर बोटाने टकटक करून 'हॅलो, हॅलो' म्हणणारा गृहस्थ आपण सर्वांनी पाहिला आहे. अध्यक्ष त्याचे आभार मानतात ते अगदी शेवटी, आणि तेही माईक मध्येच बिघडला नसेल तर! न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा ह्या गृहस्थाची कोणालाच गरज नव्हती. वक्त्याने छातीच्या जोरावर बोलावे व श्रोत्यांनी कान देऊन ऐकावे, असा तो काळ होता. आज बिलोलीसारख्या तालुक्याच्या गावीही माईकवाचून सभा भरत नाही, की भजन रंगत नाही. ह्या दोन काळांच्या मध्ये काय घडले हा वस्तुतः वीजशास्त्र जाणणाऱ्यांचा प्रांत. परंतु आम्ही पडलो कामगार चळवळीतली माणसे. सभा हे आमचे हत्यार. आणि सभेत कोणाचा आवाज पोचतो व कोणाचा पोचत नाही, हा आमचा रोजचा प्रश्न. म्हणून ह्या विषयात आम्ही आपल्या परीने शिरलो. जे हाती लागले ते येथे मांडीत आहो.

शिरण्याचे निमित्त एका प्रसंगाचे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकासमोर आमची सभा होती. आधी शाहिरी व्हावयाची होती. मागे उभ्या राहणाऱ्या झीलकऱ्याचे तुणतुणे लोकांपर्यंत पोचावे म्हणून एका उत्साही मुलाने त्याला एक बारीकशी चकती चिकटविली आणि तिची वायर सरळ मिक्सरमध्ये खोचली. भोंग्यातून जे निघाले ते तुणतुणे नव्हतेच. पत्र्यावर खिळा ओढावा तसा तो आवाज! तो कमी पडतो म्हणून वाढविला, तर भोंग्याने जी शिट्टी धरली ती सोडीना. अखेर तुणतुणे बाजूला ठेवून शाहीर नुसत्या डफावर गायले. सभा झाली, भाषणे झाली, मागण्या वाचल्या गेल्या. परतताना तो म्हातारा झीलकरी एवढेच म्हणाला, "म्या आज आलो काय आन् न्हाई आलो काय, सारखंच की." आमच्या मनाला ते वाक्य लागून राहिले. कारखान्यात तीस वर्षे राबलेल्या माणसाच्या तोंडूनही आम्ही नेमके हेच ऐकलेले होते.

आता थोडे मागे जाऊ. लहान आवाज मोठा करण्याची कला विजेपेक्षा फार जुनी आहे. नुसती तार ताणून छेडली तर ती फार दूर ऐकू येत नाही. म्हणून आपल्या पूर्वजांनी तिला पोकळ अंग दिले. तुणतुण्याला लाकडी नळकांडे व त्याच्या बुडाला कातडे. वीणेला व तंबोऱ्याला भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा मिरजेस जातो आणि तेथे त्याचा तंबोरा होतो. एकोणिसाव्या शतकात मिरजेचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे कारागीर, तंतुवाद्ये घडविण्याकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव ह्या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. तलवारीचा जमाना सरला म्हणून त्याच हातांनी सूर घडविला. उद्योग बदलला तरी कसब वाया गेले नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तो ह्याच हातांचा गौरव होय. भोपळा आणि कातडे हेच आपले पहिले ध्वनिवर्धक. त्यांचा गुण असा की, ते आवाज वाढवितात आणि त्याला रूपही देतात. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावणारा कारागीर सूत इकडचे तिकडे सरकवीत तासन् तास बसतो, तो ह्या रूपासाठी.

ह्या वाद्यांनी केलेले कामही थोडेथोडके नाही. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे आणि १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांनी उभे केलेले लाल बावटा कलापथक, ह्या सर्वांचे शाहिरी वळण डफ-ढोलकी-तुणतुण्याचेच होते. आपल्या मराठवाड्यात तर निजामी अमलात सभा भरविणे हाच गुन्हा होऊ शके. 'गश्ती निशान ५३' ह्या हुकुमान्वये सभेला आधी सरकारची परवानगी लागे. अशा वेळी भजन, कीर्तन, गणेशोत्सवातले मेळे ह्यांच्या आडोशाने लोक एकत्र येत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यापूर्वी ज्यांना उघड बोलता येत नव्हते त्यांची वाणी काही अंशी ह्या तारेवर व कातड्यावर चालली, असे म्हणण्यास हरकत नाही.

वीज ह्या कथेत आली ती दूरध्वनीच्या वाटेने. एडिसन व ह्यूज यांनी १८७७-७८ च्या सुमारास कोळशावर चालणारा माईक सिद्ध केला. पण त्याने आवाजाची वीज होई, ती वाढविण्याचे साधन नव्हते. ली डी फॉरेस्टने १९०६ साली तीन टोकांची निर्वात नळी बनविली आणि हे साधन सापडले. १९१५ साली न्यूयॉर्क ते सॅनफ्रान्सिस्को अशी दूरध्वनीची तार सुरू झाली, तिच्यावर वाटेत असे वर्धक बसविलेले होते. सर्व आवाज शेवटच्या टोकाला एकदम का वाढवू नये? कारण वाटेत तारेची खरखर त्यात मिसळते. शेवटी वाढविले तर खरखरही तितकीच वाढते. बोलणे खरखरीत बुडण्याआधीच त्याला उचलले पाहिजे. आपल्या आजच्या विषयाचे सारे मर्म ह्या एका नियमात आहे.

त्याच १९१५ साली कॅलिफोर्नियात जेन्सन व प्रिडहॅम यांनी भोंग्यातून हजारो लोकांना भाषण ऐकविले. आपल्याकडे १९३० नंतरच्या दशकात काँग्रेसच्या अधिवेशनांत मोटवाने यांच्या 'शिकागो रेडिओ'चे ध्वनिवर्धक लागू लागले. नाव शिकागोचे, पण धंदा येथलाच. गांधीजींच्या व नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत त्यांच्यासमोरच्या माईकवर ती अक्षरे आजही वाचता येतात. पुढे भोंगा गावोगाव पोचला. वीज नसलेल्या गावी मोटारीच्या बॅटरीवर तो चाले. वक्त्याची सोय झाली, गायकाची झाली. परंतु माईक ऐकतो तो त्याच्यासमोर उभा राहील त्याचे. मागे उभा असलेला झीलकरी मागेच राहिला.

वाद्याला वीज जोडण्याचे मार्ग तीन. तीन प्रकारचे कान म्हणा. पहिला कान माईकचा. तो हवा ऐकतो, म्हणून वाद्याचे खरे रूप त्यालाच कळते. पण शेजारचा पखवाज आणि समोरचा भोंगाही त्यालाच ऐकू येतो. दुसरा कान लोहचुंबकाचा. तो फक्त पोलादी तार ऐकतो. १९१२ साली जपानात नागोया येथे मोरिता गोरो यांनी 'ताइशोगोतो' नावाचे वाद्य केले. त्याचाच अवतार आपल्याकडचे बुलबुलतरंग. मिरवणुकीत चुंबक लावून ते वाजते तेव्हा आपण त्याला बेंजो म्हणतो. चुंबकाला भोपळा ठाऊक नाही, की कातडे ठाऊक नाही. म्हणून बेंजो दणदणीत वाजतो, पण वीणेला तोच चुंबक लावला तर वीणेतले वीणापण नाहीसे होते. तिसरा कान स्फटिकाचा. १८८० साली पिएर व झाक क्युरी ह्या बंधूंनी दाखविले की, काही स्फटिक दाबले असता त्यांतून वीज निघते. असा स्फटिक वाद्याच्या अंगाला चिकटविला तर लाकडाचे कंपन तो ऐकतो. आरंभीच्या माईकांत रोशेल क्षाराचा स्फटिक असे. तो सुमारे ५५ अंशांवर आणि ओलाव्याने बिघडे. आपल्या वैशाखात उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत त्याचे काय होत असेल ते सांगावयास नको. पुढे १९४०-५० च्या दशकांत टिकाऊ भाजलेली मृत्तिका त्याजागी आली. आज काही रुपयांना मिळणारी ती पितळी चकती तिचीच.

मग आमच्या सभेत त्या चकतीने दगा का दिला? मांजरेचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते तेव्हा वाळूत झिरा उकरतात. झिऱ्याचे पाणी वाटीवाटीने भरून घ्यावे लागते. त्याच्यावर मोट लावली तर पाणी सोडून वाळूच यावयाची. स्फटिक हा झिरा आहे. तो वीज देतो, पण कोणी जोराने ओढली तर देऊ शकत नाही. मिक्सरची साधी तोंडे ही मोटेसारखी, पुष्कळ ओढणारी.

हिशेबच पाहा. वाद्याच्या घोडीखाली बसविण्याची, एक नॅनोफॅरड धारकतेची स्फटिकपट्टी घेतली आणि ती १०,००० ओहमच्या तोंडाला जोडली, तर सेकंदाला सुमारे १६,००० कंपनांच्या खालचे सारे सूर उतरत जातात. म्हणजे जवळजवळ सगळे वाद्यच गेले, खरवड तेवढी उरली. तेच तोंड १० लाख ओहमचे केले तर ही सीमा १६० कंपनांवर येते. एक कोटी ओहमचे केले तर १६ वर. आता भोपळ्याचा खर्जही शाबूत राहतो. मोठ्या चकतीची धारकता ह्याहून अधिक असते, तिला दहा लाख पुष्कळ झाले. झिऱ्यापाशी वाटी घेऊन बसणारी, मिळालेले थेंब न सांडता पुढे मोटेच्या कामी देणारी जी लहानशी पेटी, तिलाच प्रीॲम्प म्हणतात. आम्ही तिला पूर्ववर्धक म्हणतो. कारण आवाज मोठा करण्यापूर्वीचे काम तिचे आहे.

निर्वात नळीच्या काळी ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण नळी स्वभावतःच कमी ओढणारी. डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. यंत्रे लहान व स्वस्त झाली, पण तो पहिला ट्रान्झिस्टर ओढणारा होता. १९६० च्या दशकात 'फेट' नावाचा न ओढणारा प्रकार बाजारात आला, आणि बॅटरीवर चालणारी, खिशात मावणारी पूर्ववर्धकाची पेटी शक्य झाली.

अशी पेटी घेताना मंडळाने चार गोष्टी विचाराव्या. तिच्या तोंडाचा विरोध किती? स्फटिकासाठी तो निदान दहा लाख ओहम हवा. तिची स्वतःची खरखर किती? पहिल्या पायरीवर शिरलेली खरखर पुढच्या प्रत्येक पायरीवर वाढते, ती मग कोणाला काढता येत नाही. तिचे बाहेरचे टोक तीन तारांचे, समतोल आहे काय? तसे असेल तर मांडवाच्या टोकाला असलेल्या मिक्सरपर्यंत लांब वायर नेली तरी विजेच्या दिव्यांची गुणगुण कमी शिरते. आणि चौथी गोष्ट, खालचे सूर छाटण्याची, एखादाच त्रासदायक सूर दाबण्याची व ध्रुव उलटविण्याची कळ तिच्यावर आहे काय? शिट्टी धरते ती बहुधा एका सुराला. तेवढाच दाबला तर बाकीचे वाद्य वाचते.

वापरण्याचे नियमही सोपे आहेत. पेटी वाद्याजवळ ठेवावी. स्फटिकापासून पेटीपर्यंतची वायर जितकी आखूड तितकी बरी. चकती तुणतुण्याच्या कातड्याच्या मध्यावर नव्हे, तर लाकडी काठाला लावावी, नाहीतर कातड्याला ओझे होते. वीणेला घोडीजवळ तबलीवर लावावी, पण मेणाने. कायमचा डिंक लावण्यापूर्वी वाद्य घडविणाऱ्याला विचारावे. आधी पेटीवर आवाज पुरेसा उचलावा, वाद्य जोराने वाजवून तो फाटत नाही ना हे पाहावे, आणि मग मिक्सर व भोंगा हळूहळू वाढवावा. भोंगे वाजविणाऱ्यांच्या पुढे असावेत. बॅटरी कार्यक्रमाआधी बदलावी, कार्यक्रमात नव्हे. त्या म्हाताऱ्या झीलकऱ्याला आम्ही पुढे अशी पेटी जोडून दिली. तो तार पिळून सूर लावू लागला, आणि पहिल्या झंकारालाच हात थांबवून भोंग्याकडे बघत राहिला.

एक गोष्ट सांगून थांबतो. आपल्या गावोगावच्या सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवीत नाहीत. पहारा बदलतो, वीणा हातोहात जाते. मध्यरात्री दोन माणसे जागी असतील तर त्यांतला एक वीणेकरी असतो. पण दिवसा मांडवात भोंगे लागले की, गायकाला माईक, पखवाजाला माईक, पेटीला माईक. वीणा मात्र गळ्यात आहे म्हणून दिसते, ऐकू येत नाही. मंडळाजवळ चार पैसे जमले की भोंग्यांची आणखी एक जोडी येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी घातली आहे आणि वस्तीत दिवसाला ५५ डेसिबलची मर्यादा ठेवली आहे. तेव्हा आवाज वाढवीत नेण्याची वाट तशीही फार पुढे जात नाही. पहिली पायरी नीट बांधण्याला मात्र कोणत्याच कायद्याची आडकाठी नाही.

संघटनेच्या कामातही आम्ही हेच शिकलो. कामगाराची तक्रार साहेबापुढे मोठ्या आवाजात मांडणारे पुष्कळ मिळतात. पण ती त्याच्या तोंडून, त्याच्या शब्दांत, काही न सांडता प्रथम ऐकून घेणारा माणूस फाटकापाशी बसलेला नसेल, तर वर जाते ती तक्रार त्याची राहतच नाही. येत्या सप्ताहाच्या वर्गणीचा हिशेब कराल तेव्हा भोंग्याच्या आधी वीणेकऱ्याजवळ जा आणि त्याची वीणा कान लावून एकदा ऐका.