रग्बी, स्त्रियांची : दुखापतींचा प्रतिबंध

पंधरा अथवा सात खेळाडूंची रग्बी खेळणाऱ्या स्त्रियांना होणाऱ्या इजांची कारणे हुडकून त्या टाळण्यासाठी जे व्यायाम, जे क्रीडातंत्र, जे नियम व जी वैद्यकीय तजवीज योजली जाते, तिचा विचार या नोंदीत केला आहे. १९९१ साली वेल्समध्ये स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरली आणि अंतिम सामन्यात इंग्लंडचा पराभव करून अमेरिकेने ती जिंकली. परंतु तिला त्या वेळी आंतरराष्ट्रीय नियामक मंडळाची मान्यता नव्हती, आणि या उपेक्षेमुळे ज्या गोष्टी मागे पडल्या त्यांत स्त्री-खेळाडूंच्या शरीराचा अभ्यासही होता. पुरुषांच्या देहावर बेतलेला सराव स्त्रियांनी जसाच्या तसा उचलावा, हाच शिरस्ता पुढे दीर्घकाळ चालू राहिला.

इंग्लंडच्या रग्बी संघटनेने २०१७-१८ च्या मोसमापासून वरिष्ठ स्त्री-खेळाडूंच्या इजांचे पद्धतशीर दप्तर ठेवले आहे. सामन्यात वारंवार होणारी इजा म्हणजे मेंदूला बसणारा हादरा, आणि इजांचे सर्वांत मोठे उगमस्थान म्हणजे टॅकल (चेंडू नेणाऱ्या खेळाडूला मिठी घालून खाली पाडणे), ही दोन निरीक्षणे त्यातून ठळकपणे पुढे येतात. गुडघ्यातील एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचे प्रसंग संख्येने कमी असले, तरी ती इजा खेळाडूला सुमारे नऊ महिने ते वर्षभर मैदानाबाहेर बसविते; आणि धावता धावता दिशा बदलाव्या लागणाऱ्या खेळांत तिचे प्रमाण स्त्रियांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळते. कित्येकदा कोणाचा स्पर्शही न होता, पाऊल रोवून वळताना गुडघा आत कलतो आणि बंध तुटतो. कटीची रचना, मांडीच्या स्नायूंचे बळ, संप्रेरके अशी अनेक कारणे यासाठी सांगितली जातात. परंतु देहरचनेवर सारा दोष ढकलला, की स्नायूंचे शिक्षण देण्याची व्यवस्थापकांची जबाबदारी आपोआप हलकी होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

मानेचा प्रश्न याहूनही महत्त्वाचा आहे. स्त्रियांच्या मानेचे स्नायू सरासरीने पुरुषांपेक्षा पुष्कळ कमी बळाचे असल्यामुळे पाठीवर पडताना डोके सावरले जात नाही, आणि ते मागे झटकून जमिनीवर आदळते. वेल्समधील स्वान्सी विद्यापीठात झालेल्या संशोधनाने या अनियंत्रित पतनाकडे लक्ष वेधले. म्हणून पडण्याचे शिक्षण टॅकलच्या आधी द्यावे लागते : हनुवटी छातीशी, पाठ गोल, चेंडू उराशी. मानेचा व्यायाम तर साधनांवाचून होतो. खेळाडूने हातापायांवर ओणवे राहून पाठ सरळ धरावी, सोबतिणीने तिच्या कपाळावर, मग डोक्यामागे, मग दोन्ही कानशिलांवर तळहात टेकून हळूहळू दाब वाढवावा, आणि खेळाडूने मान तसूभरही न हलविता तो काही सेकंद पेलावा. इतका साधा उपाय बहुसंख्य मुलींना कोणी शिकविलेला नसतो, ही खेदाची गोष्ट होय.

ब्रिटनमधील मुलगे शाळकरी वयात टॅकल शिकतात. अनेक स्त्रिया मात्र महाविद्यालयात किंवा त्यानंतर प्रथमच चेंडू हाती घेतात, आणि थोड्याच आठवड्यांत सामन्यात उतरविल्या जातात. त्यांना आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, आणि अखेरीस धावत टॅकल शिकविणे हाच सुरक्षित क्रम आहे. डोके प्रतिस्पर्धिनीच्या मार्गात कधीही येऊ न देता तिच्या देहामागे ठेवावे, पाऊल तिच्या निकट टाकावे, नजर वर असावी, आणि खांदा लागताच दोन्ही हातांची मिठी पक्की करावी. बाथ विद्यापीठाच्या सहकार्याने इंग्लंडने २०१७ साली प्रसृत केलेला ‘ॲक्टिव्हेट’ हा उपक्रम सरावापूर्वीच्या वीसेक मिनिटांत तोल, उडी मारून उतरणे, दिशाबदल व मानेचे बळ यांचे शिक्षण देतो. शाळकरी मुलांवरील चाचणीत आठवड्यातून तीन वेळा तो करणाऱ्या संघांत सामन्यांतील इजा ७२ टक्क्यांनी घटल्या. हा आकडा मुलग्यांचा असल्यामुळे तो स्त्रियांना सरसकट लागू करता येत नाही. त्यांच्यासाठी उपक्रमाची स्वतंत्र आवृत्ती पुढे तयार झाली.

नियमांच्या बाजूने पाहता, २०२३ पासून इंग्लंडमध्ये हौशी रग्बीत टॅकल छातीच्या हाडाखालीच करण्याचे बंधन आहे. वरिष्ठ पातळीवर २०२४ पासून संवेदकयुक्त माउथगार्ड शिरतपासणीच्या व्यवस्थेत आले. आघात ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्यास डॉक्टरला तत्काळ सूचना मिळते, आणि २०२५ च्या स्त्रियांच्या विश्वचषकात तर या माउथगार्डमधून लाल दिवा लुकलुकू लागला. स्तनांना बसणारा मार ही इजा मात्र अजून दप्तरात पुरेशी चढत नाही, कारण खेळाडू संकोचाने ती सांगत नाहीत आणि बहुधा पुरुष असलेले प्रशिक्षक विचारीत नाहीत. योग्य आधारवस्त्राची तरतूद ही संघाच्या खर्चातील बाब मानली जावी.

भारतीय स्त्रियांचा पंधरा जणींचा संघ २०१८ साली सिंगापूर येथे प्रथम आंतरराष्ट्रीय सामना खेळला. या देशाच्या संघाचे नेतृत्व केलेल्या पुण्याच्या वाहबिझ भरुचा स्वतः फिजिओथेरपिस्ट आहेत. मुंबईत रग्बीचा मोसम परंपरेने पावसाळ्यात येतो, त्यामुळे जमीन मऊ असते. कोरड्या ऋतूतील कठीण मैदानावर मात्र पडण्याच्या शिक्षणाचे मोल वाढते. जेथे डॉक्टर वा यंत्रे नाहीत अशा लहान संघांसाठी जागतिक संघटनेचा सोपा दंडक आहे : मेंदूच्या हादऱ्याची नुसती शंका आली, तरी खेळाडूस बाहेर काढावे आणि त्या दिवशी पुन्हा मैदानात येण्याची मुभा देऊ नये, मग ती स्वतः कितीही आग्रह धरो.